अर्धा भंडारा

इचारा ताई, काय इचारायचं ते इचारा, पर एका टायमाला एकच इचारा. दोन गोष्टी एका दमात इचारल्या की माझ्या छातीत धडधडतंय, आजची खोड न्हवं ही, लय जुनी हाय, का ते सांगते फुडं. तेजूनं तुमास्नी धाडलंय म्हणून बसवून घेतलं, न्हाईतर ह्या मोबाईलपुढं तोंड उघडणारी बाई मी न्हवं. तेजू म्हंजे माझ्या दिराची पोरगी, पर वाढवली मी. ती म्हणली, मोठी आई, तुझं कधी कुणी नीट ऐकून घेतलंच नाही, आता एकदा बोल. म्हणून बोलते. नावं मातर बदला सगळ्यांची. आन आदी त्यो च्या प्या, निवतोय.

माझा जनम उंब्रजच्या शिवारातला. गाव उंब्रज न्हवं माझं, आमचं गाव वर दुष्काळी भागात, माणकडं, धनगराचं घर आमचं, पर दिवाळी सरली की बाप मेंढरं घिऊन खाली ऊसवाल्यांच्या मुलखात उतरायचा, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्यांच्या रानाला आन दाणं आमाला, असं करत करत पाऊस यिस्तवर फिरायचं. तर तसाच तळ पडल्याला, आन आयच्या पोटात कळा सुरू झाल्या, आन झाले मी, ऊसाच्या बांधाला. रानमालकीण चांगली व्हती म्हणं, तिनं कढत पाणी दिलं, जुनेर दिलं. मग तळ हलला तशी मी बी हलले, घोड्यावर, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी. आय हसायची सांगताना, म्हणायची, कोंबडं आरडलं की तू आरडायचीस आन तू आरडलीस की कोंबडं.

बाप लय कमी बोलायचा. पर तळावर काय हरवलं, कुणाचं कोकरू गेलं, कुणाचं घोंगडं गेलं, की आजूबाजूच्या तळावरची माणसं त्यालाच बोलवायची, चल बाबा, तू इचार. त्याची रीत येगळी व्हती. ज्याच्यावर वहीम हाय त्याला आदी जेवाय घालायचा. आय चुलीपुढं करवादायची, चोराला भाकरी घालतोय ह्यो बाबा, तर त्यो म्हणायचा, अजून चोर कुटं झालाय त्यो, आन उपाशी माणसाला इचारून काय उपेग, त्याला फकस्त सुटायचं आसतंय. जेवून झालं की त्याला बाजूला घिऊन बसायचा, मेंढरांकडं बघत. एकच गोष्ट इचारायचा आन गप ऱ्हायचा. लय येळ गप ऱ्हायचा. भंडारा अगदी शेवटाला. आमच्यात बिरोबाचा भंडारा आसतो, म्हटलं तर हळदच, पर त्यो हातात उचलून जे बोललं ते देवापुढं बोललं, मग त्यात खोटं चालत न्हाई, खोटं बोललं तर अंगावर येतंय. बाप म्हणायचा, भंडाऱ्यावर एकच गोष्ट उचलायची, आन पोराबाळाचं नाव घ्यायचं न्हाई, कवाच न्हाई. एकदा एकानं रागाच्या भरात लेकराचं नाव घेतलं तर बापानं त्याचं मनगाट धरलं आन भंडारा खाली सांडला, म्हणला, बोलणार तू आन भोगणार त्ये, हितं ते चालायचं न्हाई. मी तवा परकरात व्हते. ते धरल्यालं मनगाट मला अजून दिसतंय.

लगीन झालं आन आले हितं माधवनगरला. मालक गिरणीत व्हते. काय सांगू तुमास्नी, भोंगा झाला की सगळी पेठ हलायची. मग गिरणी बंद पडली, मालक घरी बसले, आन घरी बसल्यावर माणसाचं तोंड कसं व्हतंय ते तुमास्नी सांगाय नको. तवा माझा दीर लोणंदला टेंपोवर डायव्हर व्हता, एका कारखान्यात, पाण्याच्या मोटारी करायचा त्यो कारखाना. त्यो म्हणला, वयनी, तितं बायकांस्नी काम हाय, तार गुंडाळायचं. आमी गेलो. दीर, त्याची बायको आन आमी दोघं, एकाच घरात. मालकांस्नी बाजारात हमाली मिळाली कांद्याची, मी कारखान्यात लागले. तांब्याची बारीक तार रिळावरनं सोडायची आन मोटारीच्या पोटात येढं घालत बसवायची, वायंडिंग म्हंत्यात. लालबुंद तार, नवी कोरी, उन्हात धरली तर डोळं दिपायचं. मला त्यो वास आवडायचा तांब्याचा. हात बसला माझा लवकर. सगळ्या बायका हिराक्का म्हणायच्या, वयानं मोठ्या बी म्हणायच्या, मग मी म्हणायची, आगं भवाने, तुझी मी अक्का व्हय, तुझा थोरला ल्योक माझ्याएवढा हाय. लय हसायचो आमी. ते दीस चांगलं व्हतं.

त्यातच जाऊ गेली माझी. बाळंतपणात गेली, तेजूच्या पाठीवरचं मूल व्हतं, ते बी गेलं. तेजू चालाय शिकली व्हती नुकती. माझ्या पोटी काय न्हाई ताई, झालंच न्हाई, देवाधर्माचं सगळं करून बघितलं. तर त्या दिवशी जावेला घराबाहेर काढली आन ती पोरगी माझ्या निऱ्यांत तोंड खुपसून हुभी ऱ्हायली, ती तितंच वाढली म्हणा की. माझ्या जिवात जीव म्हंजे ती पोरगी. आन दीर, महादू म्हणू त्याला, महादू वाईट माणूस न्हवं बरं का. सरळ व्हता, हसरा व्हता, वयनी वयनी करायचा, मला कवा उलटून बोलला न्हाई. हौशी तेवढा लय. त्याला मोटारसायकल पायजे व्हती, लाल. पगारात कुटनं यायची मोटारसायकल.

एक दिवस जळणाला गेले परसात, लाकडं उपसाय लागले तर खाली पोतं, आन पोत्यात तार. रिळंच्या रिळं. माझ्या हातनं रोज जाणारी तार मी वळखणार न्हाई व्हय. महादू आल्यावर इचारलं, त्यो आदी हसला, मग घाबरला, मग पायाशी बसला. म्हणला, वयनी, परत ठेवतो, आयशप्पत ठेवतो, तुमी बोलू नका, मला धरून नेलं तर तेजूला कोण हाय. मी म्हणले, मी हाय तेजूला, पर तुमी ती परत ठेवा. त्यानं ठेवली न्हाई. पोतं दुसऱ्या दिवशी जाग्यावर न्हवतं, मी समजले ठेवली, आन मी बी बया, समजून घ्यायला टपलेलीच व्हते.

कारखान्यात बोंब झाली. तार गेली, लय तार गेली. आमच्या गेटावर सुभेदार व्हते, मिल्ट्रीतनं रिटायर झाल्यालं, ह्या मिशा, ऊसवाल्या घरचं, आवाज असा की कुत्रं बी सावधान हुभं ऱ्हाईल. तसा चांगला माणूस. बायकांची झडती बाईनंच घ्यायची, असं त्यांनीच लावलं व्हतं. ऑफिसात एक मॅडम व्हती, नवीन आल्याली, बारकी पोरगीच, ती म्हणाय लागली की एकेकाला आत बोलवू, बसवू, काय झालं ते त्याच्या तोंडानं सांगू दे, मग आपण लिहू आन त्याला वाचून दाखवू. मॅनेजर म्हणला, एवढ्या माणसांस्नी एकेक बसवत बसलो तर माल कवा जायचा. आन सुभेदार म्हणले, मॅडम, तुमी शहरातल्या, ही आमची माणसं हायती, कागदाला भ्यायची न्हाईत, भंडाऱ्याला भितील. ती पोरगी गप झाली. तिचं तरी काय चुकलं, तिला कोण इचारतंय.

ताटात भंडारा आणला. शेडच्या बाहेर, उन्हात, सगळ्यांची वळ केली, बायका, गडी, डायव्हर, हमाल. सुभेदार ताटापाशी हुभं. एकेकानं यायचं, चिमूट न्हाई, मूठ उचलायची, आन म्हणायचं, मी तार घेतली न्हाई आन कुणी घेतली ते मला ठावं न्हाई. झालं, पुढं चला. कडकडीत, परेडवानी. आन खरं सांगू का, मला पयलं बरंच वाटलं, म्हटलं भंडारा आला म्हंजे आता खरं बाहेर पडणार, महादूचा हात धजायचा न्हाई, त्यो बी धनगराच्याच घरातला, बिरोबाचा हाय. मला मनातनं त्याची कीव येत व्हती.

त्यो माझ्या पुढं व्हता वळीत. ताटापाशी गेला. मूठ भरली. म्हणला, मी तार घेतली न्हाई आन कुणी घेतली ते मला ठावं न्हाई. आवाज बी हलला न्हाई त्याचा. आन तेवढ्यावर थांबावं का न्हाई त्यानं? न्हाई थांबला. कुणी सांगितलं न्हवतं, कुणी इचारलं न्हवतं, मूठ वर केली आन म्हणला, खोटं आसंल तर माझ्या तेजूवर येऊ दे.

सुभेदार म्हणले, बस बस, एवढं नको गड्या. पर बोलून झालं व्हतं. ताई, माझ्या कानात तवापासनं ते वाक्य हाय. आता तुमच्याशी बोलतेय तरी हाय.

मग माझी पाळी. मी हात घातला ताटात, बोटं बुडली भंडाऱ्यात, गार लागला, उन्हात असून गार. तोंड उघडलं. मी तार घेतली न्हाई, हे खरं व्हतं, ते मी शंभर डाव उचलेन. पर फुडलं? कुणी घेतली ते ठावं न्हाई, हे कसं म्हणू? खोटं उचललं तर कुणावर येणार, मला तेजूबिगार हायच कोण? आन खरं सांगितलं तर तिच्या बापाला बेड्या. मी म्हणले, सायेब, मी अर्धं उचलते. ते म्हणले, अर्धं म्हंजे? मी म्हणले, मी घेतली न्हाई, एवढं उचलते. ते म्हणले, आन बाकीचं? मॅनेजर म्हणला, चला लवकर, सगळं म्हणायचं न्हाईतर बाजूला व्हायचं. मी हात मागं घेतला. बोटांस्नी पिवळं लागल्यालं तसंच. बघा, त्यांनी काय इचारलं व्हतं, दोन प्रश्नांची एकच गाठ मारली व्हती, आन ती गाठ काय माझ्यानं सुटंना. बाप आसता तर म्हणला आसता, आरं, एक इचारा. पर बाप कवाच गेला व्हता. महादू फुडं हुभा व्हता, पाठ करून, मान बी वळवली न्हाई त्यानं.

झालं, मग चोर सापडलाच की. जिनं भंडारा उचलला न्हाई ती चोर, ह्यात काय शंका. खोलीत नेलं. दार लावलं. मला इस्टुलावर बसवलं, समोर सुभेदार आन मॅनेजर. कुटं इकली, कुणाला इकली, कवापासनं, कोण कोण हाय, डब्यातनं नेली का लुगड्यातनं, एकाचं उत्तर द्यायच्या आत दुसरं, आन मी सारखी म्हणतेय, मी न्हाई घेतली. मग भंडारा का उचलला न्हाई? जेवायची सुट्टी झाली, ते पाळीपाळीनं जेवून आले, हात पुसत. टेबलावर पाण्याची बाटली व्हती. मी बघत व्हते, मागितली न्हाई, का न्हाई मागितली देव जाणे, वाटलं असंल चोराला काय पाणी. ती मॅडम एकदा आली, म्हणली, सर, यांच्याजवळ कुणी बाई बसू दे ना, दार तरी उघडं ठेवू या. तिला मॅनेजरनं कशाला तरी बाहेर धाडली. मग सुभेदार खुर्ची वढून जवळ बसले आन आवाज बारीक करून म्हणले, हिराक्का, कशाला ताणतीस, तुझा दीर समदं बोललाय आमाला.

या बया. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मला वाटलं महादूनं कबूल केलं, देवानं त्याला सुबुद्धी दिली, तेजूवरचं उतरलं. मी रडाय लागले आन तोंडातनं गेलं, बोलला का, बरं झालं बाई, सुटले मी. दोघांनी एकामेकाकडं बघितलं. सुभेदार म्हणले, म्हंजे तुला ठावं व्हतं. मी म्हणले, व्हय. मग मॅनेजर म्हणला, आता माल कुटं दिलास ते सांग. तवा कळलं मला. महादू काय बी बोलला न्हवता. त्यो टेंपो घिऊन सातारला गेला व्हता माल टाकाय. ह्यांनी खोटंच सांगितलं, मला बोलती करायला, आन मी बोलले ती अशी, की त्यांना वाटलं मी माझंच कबूल केलं. त्याच्यानंतर मी तोंड मिटलं ते मिटलं. त्यांनी सांगितलं, पोलिसात देत न्हाई, मेहरबानी समज, राजीनाम्यावर सही कर. केली सही. बोटाचं पिवळं कागदाला लागलं, मॅनेजरनं ते झटकून बघितलं, निघंना.

संध्याकाळी महादू आला. मालक बाहेर वट्ट्यावर, तेजू माझ्या मांडीवर झोपल्याली. त्यो दारात हुभा ऱ्हायला, आत येईना. त्याला वाटलं मी नोकरीवरनं भांडणार. मी म्हणले, भावजी, नोकरी गेली मसणात, तुमी पोरीचं नाव का घेतलंत? त्यो म्हणला, तोंडातनं गेलं वयनी. मी म्हणले, मग ज्या तोंडातनं गेलं त्याच तोंडानं परत घ्या, चार माणसांत खरं बोला, न्हाईतर ते तिच्या डोक्यावरनं उतरणार न्हाई. त्यो म्हणला, उद्या बोलतो. ताई, त्यो उद्या काय आला न्हाई. मोटारसायकल बी आली न्हाई बरं का, कोण इचारंल कुटनं आली ह्या भ्यानं त्यानं घेतलीच न्हाई. आयुष्यभर सायकलवर गेला.

मी मालकांस्नी सांगितलं न्हाई. ते बिचारे म्हणायचे, तू घेतली नसशील, मला ठाव हाय, पर मग भंडारा का न्हाई उचललास? तेच, सगळ्यांचं तेच. नळावर गेले की बायका कळशी बाजूला सरकवायच्या. तारवाली म्हणायच्या. जत्रंला गेलो तर सगळी माणसं भंडारा उधळत्यात, येळकोट करत्यात, आन मी डोक्यावर पदर घिऊन कोपऱ्यात, बोटाला लागू द्यायची न्हाई. बघा, भितीया, म्हणायच्या. भीत व्हतेच की. पर कशाला भीत व्हते ते त्यांना काय ठावं.

मी पोरीला भीत व्हते. पोरीसाठी. ठेच लागली तरी मला वाटायचं, आलं. शाळेतनं याय उशीर झाला की आलं. हिरीजवळ जाऊ द्यायची न्हाई, गाडीवर कुणाच्या बसू द्यायची न्हाई, रागवायची ती माझ्यावर, मोठी आई, तू मला बांधून घाल खुंट्याला. मी म्हणायची, घालते. रात रात तिच्या नाकापुढं हात धरून बसायची, श्वास लागतोय का. वेडी झाले व्हते म्हणा.

आन मग कावीळ झाली तिला. सकाळी उठली, माझ्याकडं बघितलं, डोळं पिवळं. नखं पिवळी. जीभ पिवळी. मी किंचाळलेच ताई. ताटातला भंडाराच तिच्या डोळ्यात उतरलाय असं वाटलं मला. महादूची गचांडी धरली, दिराची, आयुष्यात पयल्यांदा, म्हणले, जा, आत्ताच्या आत्ता कारखान्यात जा, सुभेदाराला सांग, न्हाईतर मी जीव देते. गेला. खरंच गेला, रडत गेला. गेटापतूर गेला आन परत आला, हातात उसाच्या रसाची पिशवी. म्हणला, वयनी, काविळीला रस चांगला आसतो म्हणं. काय बोलायचं अशा माणसाला? मी त्यो रस गाळला आन पोरीला पाजला. डॉक्टरनं औषध दिलं, पोरगी उठली बरी होऊन. महादू म्हणला, बघा वयनी, काय झालं न्हाई. मी म्हणले, अजून तिचं आयुष्य पडलंय.

फुडं आमी सगळी, महादू बी, परत माधवनगरला आलो, ह्याच घरात. मालक गेले. तेजू शिकली, चांगली शिकली, आन लागली कुटं माहिताय, हितल्याच एका कंपनीत, एचआर म्हंत्यात ते, माणसांचं सगळं बघायचं. लगीन झालं, कराडला दिली, कामासाठी आठवडाभर माझ्याकडंच ऱ्हाती आन रव्वारी जाती. आता दिवस गेल्यात तिला. तुमी बघितलं न्हवं, पोट दिसाय लागलंय. मी खूश हाय, लय खूश हाय, आन भ्याले बी तेवढीच हाय. त्यो तेजूवर म्हणला व्हता. तेजूच्या पोटातल्यावर न्हाई ना म्हणला? देवाला हे येगळं कळतंय का? मी स्वतःशीच वाद घालते भांडी घासताना.

मागल्या महिन्यात ती कामावरनं आली, मी पावटा सोलत व्हते, ती बी बसली सोलाय. म्हणली, मोठी आई, आज आमच्याकडं चौकशी होती, एक मशीनचा भाग गेलाय, आणि एक सुपरवायझर म्हणाला सगळ्यांना भंडारा उचलायला लावू. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, देवाला मध्ये घालायचं नाही, एकेकाला बसवायचं, पाणी द्यायचं, त्याच्याबरोबर त्याचं माणूस बसू द्यायचं, एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुरं होईस्तवर थांबायचं. मी ऐकत व्हते. ताई, माझा बापच बसलाय पुढं आन पावटा सोलतोय असं वाटलं मला. मग ती म्हणली, मोठी आई, लहानपणी शाळेत पोरी मला म्हणायच्या, तुझी आई तारवाली. मी तुला कधीच विचारलं नाही. आता विचारू? नको असेल तर सांगू नकोस, तुझ्यावर जबरदस्ती नाही.

मी म्हणले, इचार.

ती म्हणली, तार तू घेतली होतीस का? मी म्हणले, न्हाई. तिनं मान हलवली. मला घाई केली न्हाई, पाणी आणून दिलं भांडंभर, मी प्याले. मग म्हणली, कुणी घेतली ते तुला माहीत होतं का?

एवढ्या वर्षांत पयल्यांदा ताई. पयल्यांदा कुणी तरी दोन्ही येगळं येगळं इचारलं. माझ्या हातातली शेंग मोडली. मी म्हणले, व्हय. ठावं व्हतं.

तिचं तोंड उघडलं तिसरं इचाराय. तेवढ्यात आतल्या खोलीत महादू खोकला. आता थकलाय त्यो, हात कापतो, जीभ जड झालीया, पर कान शाबूत हायत. तेजूनं दाराकडं बघितलं, लय येळ बघितलं, आन तोंड मिटलं. म्हणली, बास, तिसरा प्रश्न मी विचारणार नाही. आन पावटा सोलाय लागली, डोळ्यातनं पाणी चाललंय तसंच. तिनं इचारलं न्हाई तवाच मला कळलं, तिला कळलंय.

रव्वारी कराडला निघाली. दर टायमाला निघताना महादू देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी घिऊन हुभा ऱ्हातो, लेकीच्या कपाळाला लावतो, मग ती जाती. त्या दिवशी बी हुभा व्हता, भिताडाला धरून, डबी हातात. तेजू त्याच्यापुढं गेली, वाकली न्हाई. त्याच्या हातातनं हळूच डबी घेतली, म्हणली, अप्पा, आज मोठी आई लावेल, आन माझ्यापुढं धरली. माझा हात उठंना. त्या ताटापासनं मी भंडाऱ्याला बोट लावलं न्हाई. महादूनं माझ्याकडं बघितलं, ओठ हलवलं, लय येळ हलवलं, जीभ वळंना, मग म्हणला, लावा वयनी. तुमी खोटं उचललं न्हाई.

तेवढंच म्हणला. मी खोटं उचललं न्हाई, हे म्हणला. उचललं कुणी, ते न्हाई. अर्धंच बोलला. पर पोरीसमोर बोलला.

मी बोटं बुडवली. गार लागला, तसाच. तिच्या कपाळाला लावला, आन वाईच तिच्या पोटाला बी लावला पदराआडनं, म्हणले, बिरोबा, आमचं कुणाचं काय असंल ते आमच्याकडनं घे, ह्या दोघांकडं बघू नकोस. ती गेली येष्टीत बसून. मी हात धुतला न्हाई, तसल्याच हातानं भाकरी थापली, भाकरी पिवळसर झाली, महादूच्या ताटात वाढली, त्यानं मुकाट खाल्ली.

आता सांगा, भीती गेली का? न्हाई गेली. फोन वाजला की अजून माझा जीव खालीवर व्हतोय, पोरगी सुटून मांडीवर लेकरू दिसंस्तवर हे असंच. बाकीचं अर्धं अजून त्याच्या तोंडात हाय, आन त्याचं काय आता सांगता येत न्हाई, सकाळी उठवाय गेले की आदी श्वास बघते. पर मी भांडत न्हाई त्याच्याशी आता. रोज जेवाय घालते, ताट उचलते, आन त्याच्यापुढं गप बसते. तेजू म्हणती, बस मोठी आई, घाई करू नकोस त्यांना. बसते की. बाप बसायचा तशीच.